शेपटीचं खालचं टोक

माझी मुलगी मासे मोजते. खाण्यासाठी नाही, विकण्यासाठी नाही. नुसते मोजते, आणि मोजून झाले की परत पाण्यात सोडते. हे मी गेल्या तीन वर्षांत महाडच्या बाजारपेठेतल्या निदान दोनशे बायकांना सांगितलं असेल. प्रत्येकीनं ब्लाउजच्या मापासाठी वर केलेले हात तसेच वर ठेवून मला विचारलं, "मग पुढे?" पुढे काही नाही, बाई. पुढे ती घरी येते, चिखलाची पँट बादलीत टाकते आणि विचारते, आज भाजी काय केलीस.

मी सरोज. बाजारपेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. मापात माझी चूक होत नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला मला वेळ नाही. तेवढं वाक्य लक्षात ठेवा. मला ते आता जरा टोचतं, पण ते पुढे येईलच.

पोरीला हे वेड तिच्या बाबांनी लावलं. गंगाधर शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी दुसऱ्या मुलांचे बाबा त्यांना आइस्क्रीम खायला न्यायचे, आमचे हे वल्लरीला पऱ्ह्यावर न्यायचे. ओढ्यातला दगड उलटा करायचा, खाली काय काय चिकटलंय ते बघायचं आणि दगड होता तसा परत ठेवायचा, हा त्यांचा नियम. पोरीनं तो पाण्यात अगदी काटेकोर पाळला. घरात उपसलेलं कपाट मात्र तिनं आजतागायत होतं तसं ठेवलेलं नाही.

आणि माझं तर पाण्याशी वैर. महापुराच्या साली सावित्रीचं पाणी दुकानात पंख्यापर्यंत चढलं. तीन मशिनं गेली, गिऱ्हाइकांचे अठ्ठेचाळीस ब्लाउज गेले, आणि चिखल काढताना माझी कंबर गेली ती गेलीच. ज्या पाण्यानं माझी तीन मशिनं खाल्ली, त्याच पाण्यात माझी पोरगी कमरेएवढी उभी राहून वहीत नोंदी करते म्हटल्यावर मला काय वाटत असेल? ती म्हणायची, "आई, ते पाणी वेगळं. मी डोंगरातल्या पऱ्ह्यात काम करते." मी म्हणायचे, "डोंगरातला पऱ्ह्या शेवटी येतो कुठे? माझ्या दुकानातच ना?" यावर तिच्याकडे उत्तर असायचं, पण मी तोवर मशीन सुरू केलेलं असायचं.

तिचा पऱ्ह्या पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या बाजूला. एसटीच्या शेवटच्या थांब्याला एक साकव, म्हणजे छोटा पूल आहे, त्याच्याखाली एक डोह. त्याला खालची कोंड म्हणतात. तिथून तासभर चढलं की आंबेखोल ही पंधरा-सोळा घरांची वाडी लागते, आणि वाडीच्या मागे वरची कोंड. दोन्हींच्या मध्ये तीन माणसं उंचीचा कडा. पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळतं. दोन्ही डोहांत बोटाएवढा एक मासा आहे, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला. वाडीतले लोक त्याला टिकली म्हणतात. गंमत अशी की खालची टिकली कडा चढून वर जाऊ शकत नाही. वरच्या कोंडीतले मासे पिढ्यान्‌पिढ्या आपले आपण, त्या एवढ्याशा पाण्यात उन्हाळा काढतात. ते कसा काढतात, किती उरतात, पुन्हा किती होतात, हा माझ्या मुलीचा अभ्यास. पुण्याच्या एका संस्थेतून ती त्यावर पीएचडी करते.

वर्षातून चार वेळा मोजणी. कोंडीचं तोंड जाळीनं बंद करायचं, दुसऱ्या जाळीनं तळ ओढायचा, मासे टबात घ्यायचे. टबात लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकले की मासे गुंगतात. मग ओल्या हातानं एकेक उचलायचा, पट्टीवर मोजायचा, शेपटीच्या वरच्या टोकाला केसभर कात्री लावायची आणि शुद्धीवर आला की सोडून द्यायचा. ते टोक दोन-तीन महिन्यांत परत वाढतं, पण सांधा दिसतो. म्हणजे पुढच्या खेपेला कळतं, हा ओळखीचा आहे. लवंगेचं तेल मी माझ्या दाढेसाठी आणलेलं होतं. दाढ दुखली तेव्हा बाटली डोंगरात, माशांची नशा चाललेली.

जाळ्या मी शिवायचे. मच्छरदाणीच्या कापडाच्या, काठाला दोरी, दोरीत शिशाचे मणी. वल्लरी चिठ्ठीवर लिहून द्यायची, "भोक दोन मिलिमीटरपेक्षा मोठं नको." मी म्हणायचे, "गिऱ्हाईक आहेस का तू माझी? मला शिकवू नकोस."

आमच्या घराच्या कोपऱ्यावरून रोज सकाळी एमआयडीसीची बस जाते. माझ्या एका गिऱ्हाइकाचा नवरा तिथल्या औषधाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यानं सांगितलं, प्रयोगशाळेत जागा आहे, मुलीला पाठवा. एसी खोली, पांढरा कोट, कॅन्टीन. मी अर्ज आणून फ्रिजवर मॅग्नेटनं लावला. वल्लरीनं तो वाचला, मॅग्नेट सरळ केलं आणि म्हणाली, "आई, एक करार. येत्या मे महिन्यात माझी तीन वर्षांची मोजणी पुरी होते. बारा मोजण्या. त्यातली एक जरी फुकट गेली तर तक्ता मोडला, पुन्हा तीन वर्षं मला कोणी देणार नाही. तसं झालं तर मी मुकाट त्या बसमध्ये बसेन. नाही झालं, तर तू हा कागद काढायचा." मी हो म्हटलं. बारापैकी तोवर नऊ झाल्या होत्या, तीन बाकी होत्या. मनात म्हटलं, कुठेतरी पाय घसरेलच की.

आई असून असं मनात आलं, हे मी कबूल करते.

फेब्रुवारीच्या मोजणीच्या आदल्या दिवशी तिची जाळी खडकावर फाटली. दुपारी धावत दुकानात आली. लग्नसराई, माझ्यापुढे कामाचा ढीग. मच्छरदाणीचं कापड संपलेलं. हाताला लागलं ते एका मुलीच्या फ्रॉकमधून उरलेलं गुलाबी नेट. फुगण्यासाठी आत घालतात ना, ते. जाळी म्हणजे जाळी. अर्ध्या तासात शिवून दिली. वल्लरी हसली, म्हणाली, "मासे माझ्याकडे लग्नाला आल्यासारखे येतील," आणि एसटी पकडायला पळाली.

दोन दिवसांनी परत आली ती जेवली नाही. नोव्हेंबरात वरच्या कोंडीत चाळीसच्या वर मासे होते. फेब्रुवारीत सापडले अकरा. त्या महिन्यात पाण्यावर पानांचा थर असतो, वरून काही दिसत नाही, म्हणून जाळीनं येतील तेवढेच खरे. तिनं सहा वेळा जाळी ओढली. अकराच. "संपले, आई," एवढंच म्हणाली. "एक वर्ष आणखी, मग कोंडीत कोणी नसेल." मी तिच्या पानात भात वाढला आणि फ्रिजकडे बघायचं टाळलं.

आंबेखोलला ती तुळसामावशीकडे उतरते. तुळसाबाई साठीच्या पुढच्या, काटक. मुलगा-सून मुंबईत, घरात त्या आणि त्यांचे यजमान येसाजीबुवा, ज्यांच्या मिशा सगळ्या तालुक्याला माहीत. वल्लरी त्या दिवशी तिथेही जेवली नव्हती. भाकरी तशीच ठेवून दगडावर बसून राहिली होती. हे तुळसाबाईंच्या फार मनाला लागलं, एवढं मला नंतर कळलं.

एप्रिल उजाडला. अकरावी मोजणी. पहिल्या दिवशी ती नुसती निरखणी करते. एप्रिलात पाणी नितळ असतं, दगडावर हलायचं नाही, मासे स्थिर झाले की नजरेनं मोजायचे. जाळी दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. वाडीत रेंज नाही, म्हणजे पोरगी रेंजसाठी डोंगराच्या धारेवर चढलेली. श्वास लागलेला.

"आई, एक्केचाळीस."

"काय एक्केचाळीस?"

"मासे. अकराचे एक्केचाळीस. मी चार वेळा मोजले. सरांना पुण्याला मेसेजही टाकला. तू उद्या येच. नवीन जाळी घेऊन ये, आणि एकदा बघ तरी मी काय करते ते."

आता खरं सांगते. मला करार आठवला नाही, बस आठवली नाही. पोरगी हसत होती आणि मीही दुकानात एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं, नवी जाळी घेतली, ह्या वेळी मच्छरदाणीची, आणि बाजारातून किलोभर पेढे घेऊन पहिली एसटी धरली. गंगाधरांना म्हटलं, तुम्ही घरी राहा, रविवारी खूप फिरलात.

तो चढ काय चढ आहे. कंबर धरून, देवाचं आणि मुलीचं नाव घेत मी वर पोचले. वल्लरी वाडीच्या तोंडाशी उभीच होती. तुळसाबाईंचं अंगण सारवलेलं, बायका जमलेल्या. मी पुडा उघडला आणि पहिला पेढा तुळसाबाईंच्या हातावर ठेवला. म्हटलं, "तुमच्या कोंडीनं माझ्या मुलीची लाज राखली हो."

त्यांनी पेढा कपाळाला लावला आणि अगदी समाधानानं म्हणाल्या, "अवो बाई, कोंड काय करतेय? आमीच तर आनले मासे."

मी म्हटलं, "काय आणलं?"

"मासे. खालच्या कोंडीतनं. शिमगा झाला नि मी यांना म्हनलं, पोरगी भाकरी टाकून उठली, ह्ये बरं नाय. दोन कळश्या भरून आनले. एका कळशीत धा, दुसऱ्या कळशीत धा. ऊन व्हायच्या आत, पानी हालू न देता. एक बी मेला नाय वाटेत. इचारा यांना."

येसाजीबुवांनी मिशीवरून हात फिरवून मान हलवली. "वजन लय होतं," एवढंच म्हणाले.

वल्लरीच्या हातात अर्धा पेढा होता, तो तिनं हळूच पुड्यात परत ठेवला. तिचा चेहरा बघितला आणि माझा तोल गेला. मला राग आला की मी शिंप्याची कात्री होते, मधे काय येतंय बघत नाही. मी तुळसाबाईंना नाही नाही ते बोलले. तीन वर्षं माझी पोरगी ऊन-पाऊस न बघता राबली, तुम्ही दोन कळश्यांत तिच्यावर पाणी ओतलंत. कोणी सांगितली होती नसती उठाठेव? वरचे मासे वेगळे, खालचे वेगळे, एवढं तुम्हाला कळू नये? ज्याचं काम त्यानं करावं, त्यात आपली अक्कल चालवू नये. एका दमात बोलले. बायका पदराआडून बघत राहिल्या. तुळसाबाईंच्या हातात पेढा तसाच होता.

"आई, पुरे," वल्लरी म्हणाली. "त्यांनी माझ्यासाठीच केलं." आणि मग खाली बसली. "पण आता जाळी ओढूनही उपयोग नाही. कुठला मासा वरचा, कुठला खालचा, सांगणार कसं? दिसायला सगळे सारखे. सरांना आजच कळवते की एप्रिलची मोजणी गेली." ती फोन घेऊन धारेकडे निघाली. तिचं हे असं आहे, खोटा आकडा ती एक दिवसही अंगावर ठेवणार नाही.

तेव्हा तुळसाबाई उठल्या. "कशापायी जातेस गो?" म्हणाल्या. "वळखू येतील की. मी खून केलेय."

"कसली खूण, मावशी?"

तुळसाबाईंनी अंगणात फिरणारी एक कोंबडी उचलली आणि तिचा डावा पाय आमच्यापुढे धरला. मधल्या बोटाची नखी छाटलेली. "ही आमची. शेजारीण हाय ना, तिच्या कोंबडीच्या पायात लाल चिंधी. त्यापलीकडच्यांच्या पंखाला हळद. वाडीत असंच असतंय. न्हायतर रोज भांडनं." मग कोंबडी सोडून म्हणाल्या, "मी म्हनलं, मासे कोंडीत सोडायचे तर खून नको? उद्या कोन म्हनंल, तुळसानं शिकलेल्या बाईच्या माशांत आपलं मासे घुसवून समदंच आपलं म्हनून सांगितलं. तू शेपटीचं वरचं टोक कापतेस. मी खालचं कापलं. तुजे तुजे, आमचे आमचे."

"कशानं कापलंत?" वल्लरीनं विचारलं. आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू आला.

"यांच्या मिशीच्या कात्रीनं. हात वला करून. तू दाखवलं तसं."

येसाजीबुवा म्हणाले, "म्हंजे माजी कात्री मासळीचा वास का मारते महिनाभर, ते आता समजलं." पहिल्यांदा अंगणात कोणीतरी हसलं. वल्लरी हसली नाही. ती जाळी घेऊन कोंडीकडे पळत सुटली होती.

मीही गेले. आयुष्यात पहिल्यांदा साडी खोचून वाहत्या पाण्यात उभी राहिले, जाळीचं एक टोक धरून. थंड पाणी, पायाखाली दगड घसरतोय, आणि माझी पोरगी मला हुकूम सोडतेय, "आई, काठ उचलू नकोस, तळाला घासत आण." घासत आणली. चार वेळा. टबात मासे, लवंगेचा वास, आणि दगडावर पाटासारखी मांडलेली तिची पट्टी. ती एकेक मासा उचलून शेपटी उजेडाकडे धरायची आणि सांगायची, मी वहीत रेघ मारायचे. तीन रकाने. खालचं टोक कापलेले, वरच्या टोकाला सांधा असलेले, आणि काहीच खूण नसलेले.

खालचं टोक कापलेले भरले एकोणीस. तुळसाबाईंनी काठावरून सांगितलं, "ईस होते. योक धीवर पाखरानं नेला, मी बघितला." वरच्या टोकाला सांधा असलेले दहा, म्हणजे फेब्रुवारीतल्या अकरापैकी दहा अजून टिकून. आणि बिनखुणेचे बारा. हे बारा म्हणजे लहान, एका पेराएवढे. एकोणीस, दहा, बारा. एक्केचाळीस.

वल्लरी पाण्यात बसलीच, कपड्यांसकट. "आई," म्हणाली, "ही पिल्लं आहेत. वरच्या कोंडीत जन्मलेली, नोव्हेंबरच्या मोजणीनंतरची. म्हणजे कोंड संपत नाहीये. तुळसामावशींचे वजा केले तरी बावीस राहतात. माझे बावीस." आणि तुळसाबाईंच्या गळ्यात ओल्या हातांनी पडली. त्या म्हणाल्या, "अगो, भिजवलंस की मला," आणि तशाच उभ्या राहिल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवत.

मला वाटलं, चला, सुटलो. दोघींना अंगणात पेढे दिले. मी तुळसाबाईंना सॉरी म्हणणार होते, खरंच म्हणणार होते, फक्त शब्द जुळवत होते. तेवढ्यात मला ती दिसली. अंगणाच्या कोपऱ्यात वाळवणाच्या टोपलीवर झाकण म्हणून घातलेली गुलाबी जाळी. फेब्रुवारीतली. वल्लरीनं काम झाल्यावर तिथेच ठेवलेली. मी सहज जवळ गेले, सवयीनं कापड दोन बोटांत धरलं, आणि माझ्या करंगळीचं टोक भोकातून बाहेर आलं. दोन मिलिमीटरमध्ये नखाचं टोकही गेलं नसतं.

आता मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं मी भोकं आणि टाके बघते आहे. एप्रिलात जी पिल्लं पेराएवढी आहेत, ती फेब्रुवारीत केवढी असतील? त्या भोकातून ती हसत-खेळत गेली असतील. कोंडीत पिल्लं होती. जाळीत नव्हती. मोजणारी चुकली नाही, शिवणारी चुकली. मी काय केलं सांगू? आजूबाजूला बघितलं, जाळीची घडी घातली आणि माझ्या पिशवीत कोंबली. टोपली उघडीच राहिली.

टबात वेगळे ठेवलेले तुळसाबाईंचे एकोणीस मासे त्याच दिवशी खाली न्यायचे ठरलं. पावसाआधी ते परत जायला हवेत, नाहीतर दोन्हीकडचे मिसळतील. वल्लरीनं त्यांच्या दोन कळश्या भरल्या, वर ओलं फडकं बांधलं. एक येसाजीबुवांनी घेतली. दुसरी मी मागितली. सगळे म्हणाले, तुमची कंबर. मी म्हटलं, कंबर माझी आहे, मी बघेन. उतारावर कळशी कडेवर धरून मी निघाले. मासे आतून कळशीला ढुसण्या देत होते, पोटातलं बाळ देतं तशा. वल्लरी माझ्या पोटात अशीच होती, एका जागी ठरेल तर शप्पथ.

तीच वल्लरी माझ्यापुढे चालत स्वतःशी बोलत होती. "एप्रिल वाचला. पण फेब्रुवारीत ही बारा पिल्लं गेली कुठे? सर पहिला प्रश्न हाच विचारणार. याचं कारण दिलं नाही तर तो आकडा चुकीचाच धरायला हवा. मग फेब्रुवारी गेला. मग तक्ता मोडलाच."

माझ्या पिशवीत तो गुलाबी कारणाचा गोळा होता आणि मी गप्प चालत होते. एक पाऊल टाकावं आणि वाटावं, सांग. दुसरं टाकावं आणि वाटावं, आत्ताच सगळ्या वाडीसमोर दुसऱ्या बाईला अक्कल शिकवून आलीस, आता कुठल्या तोंडानं सांगणार? काहीच बोलले नाही तर पोरगी बसमध्ये बसेल. मला हवं होतं तेच होईल. पांढरा कोट, एसी. तासभराच्या उतारात मला एकदाही ते हवंसं वाटलं नाही.

साकवाखाली पोचलो. कळश्या पाण्यात टेकवल्या, आतलं पाणी आणि कोंडीचं पाणी एकसारखं होईपर्यंत थांबायचं असतं. सगळे काठावर बसले. मी पिशवीतून जाळी काढली आणि वल्लरीच्या मांडीवर ठेवली.

"तुझी बारा पिल्लं यातून गेली," मी म्हटलं. "फ्रॉकचं नेट होतं. तू दोन मिलिमीटर लिहून दिलं होतंस. मी मोजलं नाही. घाई होती, हे खोटं. मला वाटलं, मला काय कोणी सांगायचं." मग तुळसाबाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला मी जे बोलले ते सगळं मलाच लागू होतं. तुम्ही निदान खूण तरी केलीत. मी तेवढंही केलं नाही. माझं चुकलं."

वल्लरीनं रागवायला हवं होतं. तिनं खिशातून पट्टी काढली आणि जाळीचं भोक मोजलं. एकदा, दोनदा, वेगवेगळ्या जागी दहादा. "सात मिलिमीटर," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळत गेला. "आई, सगळीकडे सात. मग सोपं आहे. सातातून जाणारे मासे फेब्रुवारीच्या मोजणीत धरायचेच नाहीत, आणि बाकीच्या मोजण्यांतही तेवढे लहान बाजूला काढायचे. लांबी तर मी प्रत्येकाची लिहून ठेवलेली आहे. मोठ्यांचा तक्ता तीन वर्षांचा अखंड राहतो. ही जाळी मला दे, सरांना दाखवायची आहे." जगात असा कोणी असेल का, ज्याला आपल्या आईची चूक मोजून एवढा आनंद होईल?

मी तुळसाबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता ऐकवतील, आणि ऐकवलं तरी मी ऐकून घेईन. त्यांनी कळशीवरचं फडकं सोडलं, कळशी आडवी केली. एकोणीस मासे एकेक करून बाहेर आले, क्षणभर थबकले आणि खडकाखाली गेले. मग त्यांनी कनवटीची छोटी कात्री काढली. वल्लरीनंच ती दाखवायला म्हणून बरोबर घ्यायला सांगितली होती.

"येसाजीबुवा," त्या नवऱ्याला नावानं म्हणाल्या, जे त्या एरवी कधी करत नाहीत, "ह्या बाईला आता आपल्यात घ्यायची तर खून नको का? वरचं टोक कापू की खालचं?"

येसाजीबुवांनी विचार केला. "आपल्यात म्हंजे खालचं," म्हणाले.

मी पदर पुढे केला. जरीकाठाची चांगली साडी होती, पेढे वाटायला म्हणून मुद्दाम नेसले होते. तुळसाबाईंनी पदराचं खालचं टोक दोन बोटांत धरलं, हात ओला केला, आणि मिशीच्या कात्रीनं एक छोटीशी खाच मारली. वल्लरी काठावर बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मेची मोजणी अजून बाकी होती, तरी संध्याकाळी घरी आल्यावर मी फ्रिजवरचा कागद काढला. आणि ती साडी मी अजून नेसते. ती खाच शिवायला मला पाच मिनिटं लागतील, पण मी शिवलेली नाही. दुकानात बायका विचारतात, अहो, तुमच्याच पदराला कात्री कशी लागली? मी हातातलं माप खाली ठेवते आणि सांगते, बसा, सांगते.